टाक हातात घेतल्यावर

रायगड जिल्ह्यातल्या रेवदंड्याचं नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलं ते पोर्तुगीज किल्ल्यापेक्षा निरूपणामुळे. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ साली मुंबईत गोरेगावला श्री समर्थ बैठक सुरू केली. आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी जमायचं, समर्थ रामदासांचा दासबोध वाचायचा, त्यावरचं निरूपण ऐकायचं, ही तिची रीत. उपदेश ऐकण्याची इतकी शिस्तशीर परंपरा ज्या गावाने दिली, त्याच गावात उभं राहून एक प्रश्न विचारायला हरकत नाही: ऐकल्याने काम होतं का?

आता तर प्रत्येकाच्या खिशात एक खासगी निरूपणकार असतो. पहाटे पाचला उठण्याचे फायदे तो रात्री बारा वाजता सांगतो आणि आपण ते शेवटपर्यंत ऐकतो. पंचवीस मिनिटांचं घड्याळ, रंगीत याद्या, सवयींचे तक्ते. हे जमवताना कामाला हात घातल्याचं समाधान मिळतं आणि त्या समाधानातच दिवस मावळतो. आळशाला आपण आळशी आहोत हे निदान ठाऊक असतं. सल्ले गोळा करणाऱ्याला तीही सोय नाही.

या उपदेशाचं एक मूळ कारखान्यात आहे. अमेरिकेत फ्रेडरिक टेलरने १९११ साली कामाच्या शास्त्रीय व्यवस्थापनावर पुस्तक लिहिलं. त्याच्या सांगण्यानुसार, बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात एक मजूर दिवसाला १२.५ टन लोखंड उचलत होता, तो शास्त्रशुद्ध पद्धतीने ४७.५ टन उचलू लागला. मजुरी मात्र १.१५ डॉलरवरून १.८५ वर गेली. काम जवळजवळ चौपट, दाम दीडपटीच्या थोडं वर. तेव्हा घड्याळ मुकादमाच्या हातात होतं. आज ते आपण हौसेने स्वतःवर धरतो, आणि किती टन उचलले यापेक्षा किती मिनिटं मोजली याचाच हिशेब ठेवतो.

मग रामदासांनी तरी वेगळं काय केलं? उपदेश टेलरचाही आणि त्यांचाही. फरक दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातल्या पहिल्या समासात दिसतो. विषय आहे लेखनक्रिया. अक्षर वाटोळं आणि मोकळं हवं, ओळी सरळ हव्यात. तरुण डोळ्यांच्या जोरावर फार बारीक लिहू नये, पुढे ते वाचवत नाही. पानाच्या कडेला इतकी जागा सोडावी की कागद झडला तरी अक्षराला धक्का लागू नये. पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं. पुढे शाई, कागद, चाकू, बांधणी. परंपरा सांगते की याच रायगड जिल्ह्यातल्या शिवथरघळीत समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला. हा समास अशा लिहित्या हातांसाठी आहे. नुसता ऐकला तर त्यातून फारसं हाती लागत नाही. टाक उचलला की मात्र त्यातली ओळ न् ओळ उपयोगी पडते. चांगल्या उपदेशाची कसोटी माझ्या मते हीच: काम न करता त्याचा आस्वाद घेता येऊ नये.

रेवदंड्याच्या आसपास ही कसोटी रोज लागते. खाडीच्या तोंडाशी भरती दर दिवशी सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. डोल जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं. उधाणाला ओढ मोठी, भांगाला मंद. त्यामुळे कोळ्याचा दिवस तिथीप्रमाणे सरकतो, कधी मध्यरात्री सुरू होतो, कधी दुपारी. पहाटे पाचचा मंत्र त्याला देऊन काय उपयोग? त्याचं वेळापत्रक त्याच्या कामानेच ठरवून दिलेलं आहे.

वाड्यांचंही तसंच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं आणि जिल्ह्यातल्या माड-पोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या. नवी पोफळ हाताशी यायला सहा-सात वर्षं जातात. ती कमी करणारी युक्ती कुणाकडे नाही. पडलेले बुंधे कापायचे, वाट मोकळी करायची, रोप लावायचं, आळं करायचं, पाणी द्यायचं. यात प्रेरणेची वाट बघत बसायला जागाच नाही, रोपाला पाणी वेळेवर लागतं.

विश्रांतीलाही हेच लागू आहे. या पट्ट्यातले बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. रेवदंड्यात त्यांचं प्रार्थनास्थळ आहे. रविवारी जास्त तेल निघावं म्हणून त्यांचा शनिवार नव्हता. विश्रांतीचीसुद्धा उत्पादकता काढणाऱ्यांनी हे जरा पाहावं.

यावर शहरातला वाचक म्हणेल, माझ्या कामाला ना भरती ना आळं. माझ्यापुढे शंभर ईमेल आहेत. खरं आहे, आणि सल्ल्यांचा धंदा चालतो तो इथेच. ज्या कामाचा आकार दिसत नाही, तिथे पद्धतीचा आकार गोड वाटतो. पण त्या ईमेलच्या पलीकडेही कुणीतरी थांबलेलं असतं. कुणाचं पेन्शन अडकलेलं असतं, कुणाचा दाखला. त्या माणसाला समोर धरलं की पहिलं काय करायचं हे यादीशिवाय कळतं.

बैठकीच्या श्रोत्यांकडे मी याच नजरेने पाहतो. त्यांच्यापैकी हजारो लोक नानासाहेबांच्या नावाच्या प्रतिष्ठानच्या स्वच्छता मोहिमांत झाडू घेऊन रस्त्यावर उतरतात, झाडं लावतात. श्रवणाने मन किती पालटलं हे बाहेरून मोजता येत नाही. साफ झालेला रस्ता मात्र दिसतो, आणि लावलेलं झाड दुसऱ्या उन्हाळ्यात जगलं का, हेही दिसतं.

म्हणून यापुढे कुणी सल्ला दिला, तर आधी विचारावं: हा कोणत्या कामाचा? ‘कोणत्याही कामाचा’ असं उत्तर आलं, तर तो आपल्या कामाचा नाही.