रोजचं कोणतं, सवडीचं कोणतं

चि. सौ. मनूस,


तुझं वेळापत्रक मिळालं. नऊ विषय, सकाळी आठ ते दुपारी दीड, मध्ये वीस मिनिटं डबा. घरात बसून डबा कशाला, हे काही मला कळलं नाही. मुलांना शाळेतून काढलंस आणि भिंतीवर पुन्हा शाळाच टांगलीस की गं!

नऊच्या नऊ विषय रोज होत नाहीत, तर कुठला गाळू, असं विचारलं आहेस. गाळायचा जवळजवळ एकही नाही. पण रोजचे मात्र तीनच ठेव, नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या होतील. शाळेत पस्तीस मिनिटांनी घंटा होते, कारण एकेका शिक्षकाला अनेक वर्ग सांभाळायचे असतात. भूगोल मंगळवारी चौथ्या तासाला येतो तो मुख्याध्यापकांच्या सोयीने. मुलाच्या डोक्याने तो मागितलेला नसतो. तुला ती अडचण नाही, मग ती ओढून का घेतेस?

माझा हिशेब सरळ आहे. जे चार दिवस सोडलं की मागे जातं, ते रोज करायचं. वाचन-लेखन, आकडेमोड आणि मुलाने स्वतः धरलेली एखादी रियाजाची गोष्ट, मग ती पेटी असो, चित्रं असोत की पोहणं. इतिहासाचं पुस्तक तीन आठवडे उघडलं नाहीस, तरी अफजलखान प्रतापगडाच्या पायथ्याशी तुझी वाट बघत थांबलेला असतो. पाढे मात्र थांबत नाहीत.

आता गणिताचं जरा सविस्तर सांगते, कारण धाकट्याची वही मी फोटोत पाहिली. तू ‘पस्तीस’ म्हणालीस आणि त्याने ५३ लिहिलं. ओरडू नकोस. त्याने ऐकलं तसंच लिहिलं आहे. आपल्या बोलण्यात एकक आधी येतो आणि लिहिण्यात दशक. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आणलं ते याचसाठी, आणि त्यावर केवढा गदारोळ झाला तो तुला आठवत असेल. मला विचारशील तर त्या भांडणात पडायचं कारण नाही. काही महिने दोन्ही म्हणून घे, ‘तीस पाच, पस्तीस’, आणि दहा-दहा काड्यांच्या जुड्या समोर ठेव. तीन जुड्या, पाच सुट्या. हात बसला की पहिलं आपोआप गळून पडेल. एकोणतीस, एकोणसाठ यांना मात्र जास्त वेळ दे. तिथे भलेभले अडखळतात.

थोरलीला रोज दहा मिनिटं तोंडी हिशेब दे. कागद नको. आमच्या लहानपणी दिवेलागणीला शुभंकरोतीनंतर परवचा व्हायचा, त्यात पावकी, निमकी, दिडकीसुद्धा असायची. ती सगळी घोकायला लावू नकोस, पण पाव आणि निम्मं तिच्या जिभेवर असू दे. मिरची साठ रुपये किलो, तर पावकिलोचे किती? भाजीवाल्यासमोर तिलाच सांगू दे. अपूर्णांकांचा धडा येईल तेव्हा निम्मं काम झालेलं असेल.

वाचन मोठ्याने करून घे. ती मनात भराभर वाचते असं तू कौतुकाने लिहिलंस, पण मनात वाचताना मुलं अवघड शब्द उडी मारून ओलांडतात आणि आपल्याला पत्ता लागत नाही. एक पान पुरे. मग स्वतःच्या मनाच्या पाच ओळी लिहायच्या, पुस्तकातून उतरवलेल्या नकोत. श्रुतलेखन आठवड्यातून दोनदा. इंग्रजी याच खात्यात धर. तू वाचून दाखवायचं, त्यांनी ऐकायचं, चार वाक्यं बोलायची. धाकट्यासाठी तर सध्या एवढंच.

सहा वर्षांच्या मुलाला एका बैठकीत पंधरा मिनिटं, नऊच्या मुलीला फार तर अर्धा तास. दहाच्या आत सगळं उरकतं. उरलेल्या दिवसात एकच मोठा विषय घे आणि तो पंधरा दिवस सोडू नकोस.

तो मोठा विषय दोघांना एकत्र शिकव. द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत माझी बरीच वर्षं गेली, एका खोलीत दोन इयत्ता. दुसरीला फळ्यावर गणितं घालून द्यायची आणि तेवढ्यात पहिलीची अक्षरं बघायची. भाषा आणि गणित असं वेगवेगळंच करावं लागतं, पण परिसर अभ्यासाला सगळ्यांना एकाच सतरंजीवर बसवायचे. मोठ्यांनी सांगायचं, छोट्यांनी चित्र काढायचं. तुझ्याकडे तर दोनच आहेत.

विज्ञान पुस्तकाच्या क्रमाने घेऊ नकोस, पंचांगाच्या क्रमाने घे. पावसाळ्यात सरळ उभ्या कडांचा डबा गच्चीत ठेवायचा आणि रोज सकाळी पट्टी बुडवून किती मिलिमीटर पडला ते लिहायचं. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो. तेव्हा नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीपाशी प्रदर्शन भरतं. ४५ मीटर व्यासाच्या तीस ताटल्या आहेत तिथल्या दुर्बिणीच्या, एखादी तरी जवळून पाहू दे. आणि मेच्या मध्याला पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. साडेबाराच्या सुमारास गच्चीत उभी काठी रोवलीत तर तिची सावली बुडाशी नाहीशी होते. हाच योग जुलैअखेरीस परत येतो, पण तेव्हा ढग असतात. मेमध्ये शाळांना सुट्टी असते, म्हणून बहुतेक मुलांचं हे राहूनच जातं.

मूल्यशिक्षणाची तासिका तेवढी पुसून टाक. कार्यानुभव म्हणून चादरींच्या घड्या आणि कणीक मळणं चालेल. संगणकाची घाई नको.

जावईबापूंना दहावीची धास्ती आहे, ती रास्तच आहे. त्यांना सांग, एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेची दहावी चौदा पूर्ण झाल्यावर देता येते. किमान पाच विषय, त्यात एक तरी भाषा लागते, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. थोरलीला अजून पाच वर्षं आहेत. ती बाराची झाली की विषय ठरवायला बसा, मग वेळापत्रकही बदलेल. आज त्या भीतीने चौथीच्या मुलीला नऊ विषयांच्या नऊ वह्या घालू नयेत.

पाहुणे आले, ताप आला, तू स्वतः वैतागलीस, तर त्या दिवशी एक पाढा आणि एक पान वाचन. बाकी दिवस मोकळा. मात्र हे दोन चुकवायचे नाहीत, अगदी गणपतीतसुद्धा.

हिंदीचं दिवाळीनंतर बघू. लिपी येतेच आहे, गोष्टी ऐकू देत. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात, तेव्हा संच विकत आणू नकोस. गणिताचं तेवढं छापून घे, त्यात पेन्सिलीने खुणा कराव्या लागतात. नवं वेळापत्रक केलंस की फोटो पाठव, आणि धाकट्याची वहीसुद्धा.

तुझी,
मावशी