चौदा ते अठरा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) हिंगोली जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांना लग्नाचं वय विचारलं गेलं. त्यांतल्या सुमारे 37 टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधीच झालेलं निघालं. राज्याची सरासरी 22 टक्क्यांच्या आसपास आहे. शेजारच्या परभणीत हाच आकडा 48 आणि बीडमध्ये 43 च्या वर. असे आकडे आले की मराठवाड्यातल्या आईबापांबद्दल लिहून येतं : अडाणी, रूढीत अडकलेले, मुलीला ओझं समजणारे. मी सेनगाव तालुक्यातला शेतकरी आहे आणि मुलीचा बाप आहे. जे लिहून येतं त्यातलं निम्मं खरं आहे, हे मला मान्य आहे. पण उरलेलं निम्मं कुणी लिहीत नाही, आणि पोरींची सुटका त्या उरलेल्या निम्म्यात अडकली आहे.

आमच्याकडे लग्नाचा निर्णय आषाढ-श्रावणात ओट्यावर बसून, रूढीचा विचार करून होत नाही. तो आठवीचा निकाल लागतो त्या उन्हाळ्यात होतो. त्या उन्हाळ्यात सरकारचा हात एकदम सुटतो, म्हणून. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, तो सहा ते चौदा वर्षांसाठी. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत, हे राज्याच्या नियमांत लिहिलेलं आहे. नववीची शाळा किती अंतरावर असावी, हे त्या नियमांत नाही. दुपारचा पोषण आहार आठवीपर्यंत. समग्र शिक्षातली फुकट पुस्तकं आठवीपर्यंत, गणवेश आठवीपर्यंत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असं कायदा सांगतो. माझ्यासारख्या बापाला हक्कानं तोंड उघडता येतं अशी ती एकच जागा, तीही याच टप्प्यापर्यंतची. गावच्या जिल्हा परिषद शाळेत वर्ग चौथी, पाचवी किंवा फार तर सातवीपर्यंत असले, की कायद्यानं दिलेली आठवीसुद्धा दुसऱ्या गावात असते.

मुलगी तेव्हा चौदा वर्षांची असते. लग्नाचा कायदा म्हणतो, अठरापर्यंत थांबा. मधली चार वर्षं तिनं कुठं काढायची याचं उत्तर कायदा देत नाही. ते आईबापानं शोधायचं.

मुलींच्या लग्नाचं किमान वय 1929 च्या सारडा कायद्यात चौदा होतं. पुढे ते पंधरा झालं, 1978 मध्ये अठरा झालं. डिसेंबर 2021 मध्ये एकवीस करण्याचं विधेयकही लोकसभेत आलं आणि ती लोकसभा संपताना व्यपगत झालं. वय वाढवण्याला माझा विरोध नाही, उलट माझी मुलगी एकविसाव्या वर्षीही शिकत असावी असंच मला वाटतं. पण कागदावरचं वय जसजसं वर गेलं तसतसं त्या वाढीव वर्षांत मुलीच्या शिकण्याची सोय कोण करणार, याचा हिशेब कुणी मांडला नाही. चौदाचं अठरा झालं तेव्हा चार वर्षांची शाळा, चार वर्षांची गाडी, चार वर्षांची भाकरी याची तरतूद त्यासोबत व्हायला हवी होती.

गाडीचं आधी सांगतो, कारण गाव आणि हायस्कूल यांच्यामधलं अंतर हाच आमच्या बोलण्यातला पहिला मुद्दा असतो. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झाला. तालुके पाच आणि एसटीची आगारं तीन : हिंगोली, कळमनुरी, वसमत. सेनगाव आणि औंढा नागनाथ या दोन तालुक्यांना स्वतःचं आगार नाही. त्यांच्या वाट्याची गाडी दुसरीकडून निघते, आणि गाड्या किंवा चालक कमी पडले की आडवळणाच्या गावाची फेरी आधी कापली जाते. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा प्रवास फुकट आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावानं. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींसाठी खास गाड्या आहेत, शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर सायकल आहे. या योजना चांगल्या आहेत. आमच्या भागातल्या कित्येक मुली 'मानव विकासच्या गाडीनं' दहावी झाल्या, हे मी अभिमानानं सांगतो. अडचण अशी, की पास मिळतो तो प्रवासाचा. गाडी येईलच याची हमी त्या पासवर कुठं छापलेली नसते. जादा तास असला, प्रॅक्टिकल लांबलं, पावसानं ओढा भरला, की मुलगी अंधार पडल्यावर फाट्यावर उभी. त्या फाट्यावर एक दिवस काही बरंवाईट झालं, एखाद्या टवाळानं नुसता पाठलाग केला, तरी गावातल्या पाच मुलींची शाळा त्या आठवड्यात बंद होते. ज्याला पोरगी नाही त्याला ही भीती कळायची नाही.

ऑक्टोबर 2021 मध्ये कोरोनानंतर शाळा भरू लागल्या आणि त्याच महिन्याच्या शेवटी एसटीचा संप सुरू झाला. तो एप्रिल 2022 पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या रास्त होत्या, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण दीड वर्ष घरात बसलेल्या मुलीला परत शाळेत धाडायची तयारी करावी आणि रस्त्यावरून गाडीच नाहीशी व्हावी, याचा परिणाम त्या वर्षीच्या लग्नसराईत आम्ही डोळ्यांनी पाहिला. मुलांनी मोटारसायकली काढल्या, कुणाच्या तरी मागं बसून गेले. मुलीला कुणाच्या मागं बसवणार?

कुणी म्हणेल, ही पालकांची सबब आहे. ज्याला शिकवायचंय तो शिकवतो. बिहारकडे पाहा. तिथं 2006 मध्ये नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी ती तपासली. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलं, मुलगा-मुलगी यांच्यातली तफावत 40 टक्क्यांनी घटली, आणि सगळ्यात जास्त फरक पडला तो शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत. त्या गावांतले बाप एका वर्षात सुधारकी झाले नव्हते. त्यांची रूढी जागच्या जागी होती; अंतर तेवढं कमी झालं होतं.

दुसरं कारण पोटाचं. आमच्या जिल्ह्याचं नाव हळदीनं होतं, वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हळद पाण्यावरची. डोंगरी पट्ट्यातल्या कोरडवाहू गावांतून आणि तांड्यांवरून दसरा-दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच खर्चून बसलेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. लहान पोरांना सोबत नेता येतं किंवा हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर आजीपाशी ठेवता येतं. वयात आलेल्या मुलीचं काय करायचं? फडावर पाचटाच्या खोपीत नेली तर आईचा जीव टांगणीला, गावात ठेवली तर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर सहा महिने. लग्न करून दिलं तर जबाबदारी सुटते, आणि सासरी नवा कोयता तयार होतो. हे वाचून संताप यावा असंच आहे. मलाही येतो. पण त्या आईपुढे त्या वेळी तिसरा रस्ता ठेवलेला नसतो, आणि तो ठेवणं हे समाजाचं आणि सरकारचं काम आहे. आठवीच्या पुढच्या मुलींसाठी, दसऱ्याच्या आधी उघडणारं, स्त्री अधीक्षक राहत असलेलं, तालुक्याच्या गावातलं वसतिगृह हा तो रस्ता. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्यानं 2021 मध्ये 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना काढली. दिशा बरोबर आहे. पण ऊसतोडीला माणूस जिथून जातो त्या प्रत्येक तालुक्यात मुलीला खाट मिळेल, तेव्हाच त्या योजनेचा उपयोग.

आता पैशाचं. 'लेक लाडकी' योजनेत 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेल्या, पिवळ्या-केशरी कार्डाच्या घरातल्या मुलीला टप्प्याटप्प्यानं एक लाख एक हजार रुपये मिळणार आहेत : जन्मल्यावर पाच हजार, पहिलीत सहा, सहावीत सात, अकरावीत आठ, आणि अठरा पूर्ण झाल्यावर 75 हजार. हे टप्पे नीट पाहिले की सहावीनंतर थेट अकरावी येते. ज्या वर्षांत मुलगी शाळेतून सुटते, त्या आठवी-नववी-दहावीत एक रुपया नाही. जुलै 2024 पासून आर्थिकदृष्ट्या मागास, मराठा आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची पूर्ण फी माफ झाली. पण ती बारावी ओलांडून गेलेलीला. 'लाडकी बहीण' एकविसाव्या वर्षापासून. केंद्राची चौदा ते अठरा वयाच्या किशोरींसाठी पोषणाची योजना आहे, तीही आकांक्षित जिल्हे आणि ईशान्येकडची राज्यं यांच्यापुरती. पैनगंगेपलीकडचा वाशीम त्या यादीत आहे, अलीकडची हिंगोली नाही. प्रत्येक योजना वेगळ्या खात्यानं, वेगळ्या वर्षी, चांगल्याच हेतूनं काढली असेल. सगळ्या एकाखाली एक मांडल्या की मधोमध एक मोकळी जागा दिसते, आणि आमच्या मुली नेमक्या तिथं उभ्या आहेत.

हे सांगायचं कुणाला? हिंगोली जिल्हा परिषदेच्या सदस्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढची कित्येक वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. या काळात संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचे, निकष बदलले, कमी पटाच्या शाळांचं काय करायचं यावर आदेश निघाले, लहान शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याची कल्पना आली. 15 मार्च 2024 च्या निर्णयानं सहावी ते आठवीत विसांहून कमी मुलं असतील तर तिथं नियमित शिक्षकाचं पदच मंजूर होईना. पुण्या-मुंबईत बसून पट मोजणाऱ्याला वीस हा लहान आकडा वाटतो. आमच्याकडे त्या विसांत नऊ-दहा मुली असतात आणि शाळा चार किलोमीटर पुढे सरकली तर त्यांतल्या किती जातील, हे गावातला कुणीही बोटावर मोजून सांगेल. सभागृहात उभं राहून हे बोलणारा आमचा माणूसच त्या काळात नव्हता.

त्याऐवजी जोर राहतो कारवाईवर. 2006 च्या कायद्यानं बालविवाह लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि तो असायलाच हवा. आमच्याच जिल्ह्यात 1098 या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन गेल्यामुळे मांडवातून सुटलेल्या मुली आहेत. पण गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. ज्या घरी त्यानं लग्न थांबवायचं, त्याच घरून त्याला पट्टी वसूल करायची असते, त्याच लोकांत रात्री-अपरात्री एकट्यानं फिरायचं असतं. अंगणवाडी सेविका तर गावचीच सून. त्यांच्याकडून आम्ही पोलिसाचं धैर्य मागतो आणि पाठीशी कुणी उभं राहत नाही. शिवाय थांबवलेल्या लग्नातली मुलगी दुसऱ्या दिवशी कुठं जाते? शाळेत नाव परत घातलं नाही, तर सहा महिन्यांनी मामाच्या गावी तेच लग्न गुपचूप लागतं. पुढे दिवस गेले, की पोलीस येतील या भीतीनं तिला दवाखान्यात नेत नाहीत किंवा वय चोरून सांगतात. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही बालविवाहाच्या निकालात शिक्षेआधी प्रतिबंधावर भर दिला. आमच्या भाषेत त्याचा अर्थ, मांडव मोडण्याआधी शाळा जोडा.

औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रानं त्यासाठी 2,600 कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतला अणूहूनही बारीक फरक ती मोजणार आहे. मला या कामाचं मनापासून कौतुक आहे, आणि माझी इच्छा साधी आहे : तिथं काम करणाऱ्यांत औंढा-सेनगावच्या मुली असाव्यात. त्यासाठी अकरावी विज्ञानाला मुली लागतील, आणि अकरावीला मुली हव्या असतील तर नववीला त्या टिकायला हव्यात. वेधशाळा उभी राहायला जेवढी वर्षं लागतील, तेवढ्यात आज दुसरी-तिसरीत असलेली पोर अकरावीला पोचते. नियोजनाला वेळ पुरेसा आहे.

आता आमच्या बाजूचं, जे मला बोललंच पाहिजे. सर्वेक्षणातली बाई जिथं राहते तिथं मोजली जाते. म्हणजे हिंगोलीचे हे 37 टक्के बहुतेक करून आमच्या लेकी नाहीत, आमच्या सुना आहेत; कुणी परभणीहून आलेली, कुणी वाशीमहून, कुणी शेजारच्या गावची. त्या लग्नांत मुलीच्या बापाची गरिबी दिसते, मुलाच्या बापाची घाई दिसत नाही. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली 900 च्याही खाली होत्या. त्यांतली मोठी मुलं आता लग्नाच्या वयाला पोचू लागली आहेत. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही म्हणून कमी वयाची, गरीब घरची मुलगी शोधायची, 'खर्च सगळा आमचा' म्हणायचं, हे आता उघडपणे चालतं. गर्भातच मुली नाकारल्या आणि आता उरलेल्या मुलींचं बालपण मागतो आहोत. यात गरिबीची सबब नाही. इथं दोन एकरवाला आहे तसा वीस एकरवालाही आहे, आणि शिकलेलाही आहे. मुलाच्या बापानं सोयरिकीच्या पहिल्या बोलण्यात मुलीचा शाळेचा दाखला मागितला, तर निम्मी लग्नं तिथंच पुढं ढकलली जातील. पत्रिका मागायला आम्ही लाजत नाही, दाखला मागायला का लाजावं?

गावाच्या पातळीवर एक काम याच वर्षी होऊ शकतं. ग्रामसभेत रस्त्याचं, घरकुलांचं, पाणीपट्टीचं वाचन होतं. त्यातच सातवी आणि आठवी झालेल्या किती मुली यंदा पुढच्या वर्गात बसल्या आणि किती नाही, हेही वाचावं. नावं वाचू नयेत. नाव घेतलं की घराची बदनामी होते आणि पुढच्या वर्षी कुणी खरं सांगत नाही. नावांची यादी मुख्याध्यापक आणि आशाताईंकडे राहावी, सभेत फक्त संख्या यावी. गाडीची वेळ शाळेच्या घंटेशी जुळत नसेल, तर त्याच सभेचा ठराव आगारप्रमुखांकडे जावा. एका बापाचा अर्ज फायलीत पडून राहतो, पंधरा गावांचे ठराव एका आठवड्यात टेबलावर आले तर राहत नाहीत. जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव झाला तर जूनच्या वेळापत्रकाला पाच महिने मिळतात. लेक लाडकीचा एक टप्पा नववीला आणावा, एवढी मागणीही त्याच कागदावर जोडता येईल.