घोडा, गाडी आणि गप्प बसणे

कॉमर्सच्या पदवीचा संसारात उपयोग काय, हा प्रश्न आमच्या घरात अधूनमधून निघतो. घरचा जमाखर्च बायको ठेवते आणि बँकेतला संगणक. पदवीच्या नावावर माझ्याकडे शिल्लक उरला आहे तो फक्त एक घोडा. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७ मधला. व्यापारी कायद्याचा पेपर दिलेल्यांना तो आठवत असेल. 'अ' हा 'ब'ला लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे 'अ'ला ठाऊक असते, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पुढचे उदाहरण त्याहून गमतीचे. 'ब' ही 'अ'ची मुलगी असेल आणि नुकतीच सज्ञान झाली असेल, तर मात्र खोट सांगणे हे बापाचे कर्तव्य. म्हणजे मुलीशी खरे बोलावे आणि बाकीच्या जगाशी गप्प बसावे! दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनी माणूस किती ओळखला होता पाहा.

परीक्षेत अशा प्रश्नांना गुण मिळतात. आयुष्यात मेहुणा मिळतो. माझ्या मेहुण्याने एक सेकंडहँड एस.यू.व्ही. घेतली. ऑटोमॅटिक. म्हणजे क्लच नाही, गिअर आपोआप पडतात. दोन महिन्यांत तेलही आपोआप पडू लागले. रोज सकाळी गाडीखाली एक डाग. शिवाय 'डी'मध्ये टाकल्यावर गाडी लगेच निघेना. आधी थोडा विचार करी. आमच्या बँकेत कर्जाच्या अर्जाचे होते तसे.

आता मोटारीखालचा डाग हा कुंडलीसारखा असतो. प्रत्येकाला वाचता येतो आणि प्रत्येकाचे भविष्य वेगळे. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, एसीचे पाणी असेल. वॉचमन म्हणाला, इंजिन गेलं. शेवटी आम्ही एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडीखाली एक पांढरा पुठ्ठा सरकवला आणि म्हणाला, "रात्रभर राहू द्या. थेंब स्वतःच सांगेल." सकाळी पुठ्ठ्यावर तांबूस-तपकिरी ठिपके. मिस्त्रीने बोट लावले, वास घेतला. पाणी असते तर रंग नसता. कूलंट असता तर गोडसर वास आला असता. इंजिनचे जुने तेल काळे असते. हे लाल तेल, वापरून तपकिरी झालेले, गिअरबॉक्सचेच. काही गाड्यांत पॉवर स्टिअरिंगलाही तेच लाल तेल असते, म्हणून त्याने आधी तेही तपासले. तिथली पातळी बरोबर होती.

"मागच्या बाजूला ओलं दिसतंय," मेहुणा आशेने म्हणाला, "खालच्या पॅनचं गॅस्केट असेल ना?" गॅस्केट म्हणजे किरकोळ खर्च. मिस्त्री हसला. "साहेब, गाडी पळते तेव्हा वारा तेल मागे नेतो. दिसतं मागं, गळतं पुढं." त्याने सगळा तळ धुऊन कोरडा केला, गाडी फिरवून आणली आणि पुन्हा खाली शिरला. गळत होते इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथून. टॉर्क कन्व्हर्टरच्या मागचे पंपाचे सील. सील स्वस्त, पण ते बदलायला अख्खा गिअरबॉक्स उतरवायचा. अंदाज चाळीस हजार.

मेहुणा रात्रभर जागा राहिला आणि सकाळी त्याला साक्षात्कार झाला. "भाऊजी, तळ आता चकचकीत धुतलेलाच आहे. वर थोडं तेल भरतो आणि विकून टाकतो. मला विकणाऱ्यानं तरी कुठं सांगितलं होतं?"

हे शेवटचे वाक्य माझ्या ओळखीचे होते. आमच्या कॅश काउंटरवर मी ते अनेकदा ऐकले आहे. खोटी नोट सापडली की बँक ती परत देत नाही. शिक्का मारून ठेवून घेते, हातात पावती देते आणि बदली नोट मिळत नाही. समोरचा माणूस कळवळून म्हणतो, "अहो, मलाही कुणीतरी दिली!" आणि ते बहुधा खरेच असते. त्याचा काही गुन्हा नसतो, तरी पाचशे रुपये त्याचेच जातात. हा अन्याय आहे. पण दुसरा मार्ग एकच: त्याने ती पुढच्या भोळ्या माणसाला द्यायची, त्याने त्याच्या पुढच्याला. खोटी नोट कुणाच्या तरी खिशात मरावी लागते. ज्याला ती खोटी आहे हे कळले, त्याच्याच खिशात.

मी मेहुण्याला हे सांगितले. तो म्हणाला, "नोटेला कायदा आहे. घोड्याला सूट आहे. तुम्हीच सांगितलं होतं." शिकवलेली विद्या अशी अंगावर येते.

रविवारी गिऱ्हाईक आले. एक तरुण मुलगा, बरोबर त्याचे वडील. वडिलांनी गाडीवरून हात फिरवला आणि सरळ म्हणाले, "आम्हाला यातलं कळत नाही. तुम्ही काही बोलला नाहीत तर सगळं ठीक आहे असं समजतो."

मी दचकलो. कारण कलम १७ मध्ये घोड्याचे तिसरे उदाहरण नेमके हेच आहे! अशा वेळी गप्प बसणे हे बोलण्यासारखेच. वडिलांनी कायदा वाचलेला नव्हता आणि मेहुण्यालाही तिसरे उदाहरण ठाऊक नव्हते. तो मुलाकडे बघत राहिला. मग घसा साफ करून म्हणाला, "गिअरबॉक्सचं सील गळतंय. चाळीस हजार खर्च आहे."

वडिलांनी पन्नास हजार कमी केले. एवढे सांगितले म्हणजे न सांगितलेले आणखी काही असेलच, हा त्यांचा हिशेब. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर निबंध लिहून हेच दाखवले: घेणाऱ्याला खोट ओळखता येत नाही, म्हणून तो चांगल्या गाडीलाही कमीच भाव देतो. २००१ मध्ये त्याला नोबेल मिळाले. मेहुण्याला दहा हजारांचा खड्डा मिळाला.

"आता हे वरचे दहा हजार कुठल्या खात्यात टाकू?" त्याने चिडून विचारले. मी म्हटले, "गुडविल." हिशेबाचा नियम असा की विकत घेतलेली गुडविल ताळेबंदात दाखवता येते, स्वतः कमावलेली दाखवता येत नाही. त्यामुळे ती किती आहे हे कुणालाच कळत नाही. आणि ती गळायला लागली, तर पुठ्ठ्यावर डागसुद्धा पडत नाही.