बेड नाही, हे कोणी सांगायचं?

मार्च 2017 मधली ती रविवारची घटना धुळेकर विसरलेले नसतील. डोक्याला जबर मार लागलेला एक रुग्ण भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणला गेला. तिथे न्यूरोसर्जन नव्हता. ड्यूटीवर होता अस्थिरोग विभागाचा एक तरुण निवासी डॉक्टर. न्यूरोसर्जन असेल तिथे रुग्णाला हलवा, असं त्याने नातेवाइकांना सांगितलं. सल्ला अगदी बरोबर होता. जमावाने त्याला इतकं मारलं, की त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, सरकारने सशस्त्र सुरक्षारक्षक द्यायचं कबूल केलं. डॉक्टरवर हात उचलणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेला राज्याचा कायदा मात्र 2010 पासूनच होता.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात, त्या शहरात न्यूरोसर्जन का नाही, याचा जाब एका निवासी डॉक्टरने द्यायचा होता. पद भरायचं की नाही, हे त्याच्या हातात नव्हतं. कोरोना महासाथीतल्या डॉक्टरांच्या धोक्यांविषयी लिहिताना मला म्हणूनच आधी 2017 आठवतं.

विषाणूचा धोका होताच. खानदेशातला मे महिना, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर, संसर्ग पसरेल म्हणून वॉर्डातला एसी बंद, आणि अंगावर हवा न लागू देणारा पीपीई किट. एकदा तो चढवला की पाणी नाही, लघवीला जाणं नाही. चष्म्यावर वाफ धरलेली, त्यातूनच घशात नळी घालायची. रुग्णाचा श्वास थेट तोंडावर येतो तो याच क्षणी. खरी कसोटी मात्र ड्यूटी संपल्यावर, किट उतरवताना. हातमोज्याची बाहेरची बाजू चुकून चेहऱ्याला लागली तरी इतक्या तासांची सगळी काळजी वाया. थकलेला माणूस नेमका तिथेच चुकतो. त्यामुळे ड्यूटी किती तासांची लावायची, हा सोयीचा नव्हे, संसर्गाचाच प्रश्न होता.

मग 2021 चा एप्रिल आला. बेड नाही, ऑक्सिजन पुरेल की नाही माहीत नाही, रेमडेसिविर नाही. हे सांगायला दारात उभा होता पुन्हा निवासी डॉक्टरच. तोवर केंद्राने 1897 च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती करून गंभीर इजेसाठी 7 वर्षांपर्यंत कैद आणली होती. शिक्षा वाढली ते योग्यच झालं. पण आईला धाप लागलेल्या मुलाला त्या क्षणी कुठलं कलम आठवणार?

मला शेजारच्या नंदुरबारचं उदाहरण जास्त मोलाचं वाटतं. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी 2020 मध्येच, पहिली लाट ओसरत असताना, ऑक्सिजन प्रकल्प उभारायला घेतले. रुग्णांचे प्राण वाचवणारा निर्णय म्हणून त्याचं कौतुक झालं. डॉक्टरांच्या सुरक्षेचाही तो निर्णय होता, हे फारसं कुणी बोललं नाही. ऑक्सिजन असला की डॉक्टरला तो नाही असं सांगावं लागत नाही.

टाळ्या-थाळ्यांनी आपण डॉक्टरांना योद्धे केलं, आणि योद्ध्याने जखमा गृहीत धरायच्या असतात. नोकरी करणाऱ्या माणसाचं तसं नसतं, मालक त्याच्या सुरक्षिततेचं देणं लागतो. ते देणं किती चिवटपणे टाळलं जातं, ते कोरोनाने जीव गमावणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच्या 50 लाखांच्या विम्यात दिसलं. महापालिकेच्या आदेशानुसार दवाखाना उघडा ठेवणारे नवी मुंबईतले एक डॉक्टर 2020 मध्ये कोरोनाने गेले. त्यांची सेवा सरकारने रीतसर मागवली नव्हती, या कारणाने पत्नीचा दावा फेटाळला गेला. मार्च 2021 मध्ये उच्च न्यायालयानेही तो मान्य केला नाही. त्या काळात डॉक्टरांची सेवा सरकारने मागवलीच होती, हे सर्वोच्च न्यायालयाने म्हणायला डिसेंबर 2025 उजाडला.

पुढची साथ कधी येईल ते कोणाच्या हाती नाही. पण आजपासून करता येईल असं एक काम आहे. रात्रीच्या कॅज्युअल्टीत अधिकार असलेला एक वरिष्ठ माणूस बसवा. बेड कुठे आहे याची चौकशी, दुसऱ्या रुग्णालयाला फोन, अॅम्ब्युलन्स आणि नातेवाइकांशी बोलणं, हे सगळं त्याच्याकडे द्या. निवासी डॉक्टरला रुग्णाकडे बघू द्या.