वाट पाहणारे व वाट पाहावयास लावणारे

आंद्रिया प्रेषिताचा सण ३० नोव्हेंबर रोजीं येतो. त्या दिवसाच्या अगदीं जवळचा जो रविवार, तो आगमनकालाचा पहिला रविवार होय. तो २७ नोव्हेंबरच्या आधीं येत नाहीं व ३ डिसेंबरच्या पुढें जात नाहीं. तेथून नाताळापर्यंत चार रविवार पडतात. पंचांगाची ही गोष्ट सोपी आहे. परंतु या चार आठवड्यांत ख्रिस्ती मनुष्यानें करावयाचें तरी काय, असें विचारलें असतां पुष्कळ जण 'नाताळाची तयारी' एवढेंच उत्तर देतात. आणि तयारी म्हणजे घराला रंग, मुलांना कपडे, करंज्या, चांदणी व मंडप. या तयारीला मी नांवें ठेवीत नाहीं. करंज्यांवांचून आमच्या मुलांना नाताळ हा नाताळ वाटणारच नाहीं.

आगमनकाल आमच्यापैकीं कित्येकांच्या मंडळ्यांत उशिरांच आला, हेंही वाचकांनीं लक्षांत घ्यावें. १८१३ सालीं मुंबईस व १८३१ सालीं अहमदनगरास अमेरिकन मिशनचें काम सुरू झालें. त्या मिशनरींस पाठविणाऱ्या मंडळ्या मुख्यतः न्यू इंग्लंडांतील काँग्रिगेशनल मंडळ्या होत्या. त्यांच्या पूर्वजांनीं मॅसॅच्युसेट्स वसाहतींत १६५९ सालीं नाताळ पाळणारास पांच शिलिंग दंड ठरविला होता. तो कायदा १६८१ सालीं रद्द झाला. ज्यांस नाताळच नको, त्यांस नाताळापूर्वींचा काल कोठून हवा असणार? याच्या उलट प्राचीन मंडळींत हा काल उपवासाचा असे. गॉल देशांत, म्हणजे आजच्या फ्रान्सांत, सहाव्या शतकाच्या शेवटास ११ नोव्हेंबर, म्हणजे मार्टिनचा सण, येथपासून नाताळापर्यंत आठवड्यांतून तीन दिवस उपवास करण्याचा नेम होता. दंड व उपवास या दोहोंच्या मधून वाट काढीत हा काल आमच्यापर्यंत आला आहे.

आज पुष्कळ प्रार्थनामंदिरांत चार मेणबत्त्यांचें हिरवें वर्तुळ दिसतें. तेंही फार जुनें नाहीं. जर्मनींतील हांबुर्ग शहराजवळ योहान हिन्रिख विखेर्न या ख्रिस्तसेवकानें १८३३ सालीं गरीब व निराश्रित मुलांकरितां 'राउहेस हाउस' नांवाचें गृह काढलें. डिसेंबर महिना लागला कीं मुलें रोज विचारीत, नाताळाला आतां किती दिवस राहिले? १८३९ सालीं विखेर्ननें गाडीचें एक चाक घेतलें, त्यावर रविवारांसाठीं चार मोठ्या व इतर दिवसांसाठीं लहान मेणबत्त्या बसविल्या, आणि रोज एकेक पेटविण्यास आरंभ केला. आजचें आमचें सुबक वर्तुळ त्या गाडीच्या चाकाचें नातवंड आहे. मला या गोष्टींत मेणबत्त्यांपेक्षां दुसरेंच कांहीं महत्त्वाचें वाटतें. वाट मुलें पाहत होतीं, पण चाक आणणें मुलांच्या हातीं नव्हतें. ज्याच्या हातीं होतें त्यानें मुलांना 'धीर धरा' एवढें सांगून वाटेस लाविलें नाहीं.

आगमनकालाच्या पाठांत व गीतांत आम्ही स्वतःस वाट पाहणारे लोक म्हणवितों, आणि तें खरें आहे. परंतु बंधुभगिनींनो, आम्ही केवळ वाट पाहणारे आहों काय? आमची वाट पाहत कोणी उभा नाहीं काय?

धर्मावर एक जुना आक्षेप आहे. धर्म गरिबास सांगतो, वाट पाहा, आणि तेणेंकरून श्रीमंतास सवड मिळवून देतो. हा आक्षेप नास्तिकांचा म्हणून झिडकारूं नये. याकोबाच्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत त्याचें उत्तर आहे. पण तें मिळण्यासाठीं अध्याय आरंभापासून वाचावा लागतो. पुष्कळ उपदेश सातव्या वचनापासून सुरू होतात. तेथें शेतकऱ्याचा दाखला आहे, पहिल्या व शेवटल्या पावसाची गोष्ट आहे, आणि धीर धरण्याचा बोध आहे. पण त्यापूर्वींचीं सहा वचनें कोणास उद्देशून आहेत? ज्यांच्या शेतांची कापणी झाली व कापणाऱ्यांची मजुरी घरांतच अडकून राहिली, त्या धनवानांस. ती अडकलेली मजुरीच ओरडत आहे असें याकोब म्हणतो. धनवानास त्यानें धीर शिकविला नाहीं. पहिल्यानें त्याचा हिशेब काढला, आणि मग गांजलेल्या भावांकडे वळून त्यांस दिलासा दिला. हा क्रम मोडून जो उपदेश होतो त्याच्यावर आक्षेपकाचा शब्द बरोबर लागू पडतो.

शेतकऱ्याचा दाखलाही नीट पाहावा. पॅलेस्टाइनांत पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरांत पडून जमीन नांगरटीस व पेरणीस मऊ होते. शेवटला मार्च-एप्रिलांत पडून दाणा भरतो. आमच्या नगर-सोलापूरकडील जिरायत शेतकऱ्यास हें समजावून सांगावें लागत नाहीं. त्याचा शाळू सप्टेंबर-ऑक्टोबरांत पेरला जातो व आगमनकालांत जमिनींतल्या ओलीवर उभा असतो. पाऊस आणणें त्याच्या हातीं नाहीं. पण भेगांवाटे ओल उडून जाऊं नये म्हणून तो कोळपणी करितो, आणि दाणा धरला म्हणजे गोफण घेऊन माळ्यावर चढतो. जें देवाचें तें देवावर सोडून, जें आपलें तें न सोडणें, याला तो वाट पाहणें म्हणतो. थेस्सलनीका येथील कांहीं लोकांनीं प्रभु येणार म्हणून कामधंदाच सोडला होता. पौलानें त्यांची जी कानउघाडणी केली ती प्रसिद्धच आहे.

आतां एक गृहस्थ मला म्हणेल, "पाळकसाहेब, मी कोणाचा पैसा बुडवीत नाहीं. आज हात अडचणींत आहे. नाताळ झाल्यावर देतों, आणि पुरता देतों. मग माझें पाप कोणतें?" हा प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे. रक्कम जर पुरती मिळाली, तर केवळ उशिरानें कोणाचें काय गेलें?

मोशेच्या नियमशास्त्रानें हा प्रश्न ओळखला होता. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायांत मजुरी देण्याची आज्ञा आहे, आणि तिच्याबरोबर वेळही आहे: सूर्य मावळण्यापूर्वीं. कारणही दिलें आहे, कीं तो दरिद्री आहे व त्याचा जीव त्या मजुरीकडे लागलेला असतो. म्हणजे मजूर जें विकतो तें एक दिवस, आणि त्याचा मोबदला त्याच दिवसाला जोडलेला आहे. द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला वाचतांना सर्वांस एकच दीनार कां, यावर आम्ही वाद करितों. परंतु त्या धन्यानें संध्याकाळ होतांच कारभाऱ्याला मजुरी वांटण्यास सांगितलें, हें आमच्या ध्यानांतून सुटतें. त्याच्या औदार्याचा आरंभ तेथें आहे. ज्याला संध्याकाळीं मजुरी मिळत नाहीं तो वाण्याकडे उधारीवर पीठ मागतो व चढा भाव मुकाट्यानें देतो. तापानें फणफणलेल्या मुलाला उद्यां दाखवूं असें बायकोला सांगतो. तुमच्या अंगणांत तो एकदां येतो, दोनदां येतो, तिसऱ्या वेळीं कुंपणाशींच उभा राहतो, कारण मागावयाची त्याला लाज वाटते. आपलेंच मागावयाची लाज! पुढें पैसा पुरता मिळतो. ती संध्याकाळ मात्र त्याला परत मिळत नाहीं, आणि तुम्हीं ती परत करूं म्हटलें तरी तुमच्याजवळ ती नाहीं.

कोणी म्हणेल, देवही उशीर करितो. दोन हजार वर्षें मंडळी वाट पाहत आहे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रांत या प्रश्नास उत्तर आहे: ज्याला लोक विलंब म्हणतात ती देवाची सहनशीलता आहे, कारण कोणाचा नाश व्हावा अशी त्याची इच्छा नाहीं. दोन उशिरांतील अंतर येथें दिसतें. देव उशीर करितो तेव्हां आम्हांस वेळ देतो. आम्ही उशीर करितों तेव्हां दुसऱ्याचा वेळ घेतों. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून आपल्या दिरंगाईला देवाचें उदाहरण देण्याचा मोह मनुष्यास होतो.

वाट पाहणारा एक वर्ग व वाट पाहावयास लावणारा दुसरा, अशी सरळ विभागणी मात्र जगांत नाहीं. आगमनकाल येतो तेव्हां आमच्या भागांत उसाचा गळीत हंगाम ऐन भरांत असतो. बीडकडून, पाथर्डी-शेवगांवाकडून कुटुंबेंच्या कुटुंबें मुकादमाची उचल घेऊन आलेलीं असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस आजारपणांत गेला तर खाडा धरून पैसे कापतात. शेवटचा हिशेब हंगाम सरल्यावर, आणि तोंवर मुलांची शाळा त्यांची वाट पाहत गांवीं राहते. ऊस ज्याचा तो शेतकरी तोडीची वाट पाहतो. उसाला तुरा येऊन वजन घटूं लागलें कीं टोळी लवकर यावी म्हणून तो खुशाली मोजतो. म्हणजे येथें वाट पाहावयास लावणारा कधीं कधीं टोळीवालाच असतो. पुढें ऊस गेल्यावर तोच शेतकरी बिलाची वाट पाहतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणें चौदा दिवसांत पैसे द्यावे, न दिल्यास वर्षास शेंकडा १५ प्रमाणें व्याज द्यावें, असें आहे. तरी थकलेल्या बिलांसाठीं शेतकऱ्यांना मोर्चे काढावे लागले आहेत. कारखान्यानें थकविलें म्हणून शेतकरी खुरपणाऱ्या बायांचें थकवितो, आणि त्या बाया दुकानदाराचें. प्रत्येकाला वरच्याचा अन्याय स्पष्ट दिसतो. खालीं पाहण्यास मान वळवावी लागते.

आमच्या मंडळ्यांकडेही पाहूं. नाताळाच्या मंडपवाल्याला व बँडवाल्याला आगाऊ रक्कम द्यावी लागते व ती आम्ही देतों, कारण न दिली तर बँड येत नाहीं. प्रार्थनामंदिर झाडणारी बाई मात्र पगार न दिला तरी येते; म्हणून तिचा पगार मागें पडतो. पंचमंडळानें डिसेंबरच्या पहिल्या सभेंत रोषणाईच्या खर्चापूर्वीं हा एक विषय घ्यावा, अशी माझी विनंती आहे. (पाळकाच्या पगाराविषयीं मी येथें कांहीं लिहीत नाहीं.) शिवाय पैशांवांचूनही लोक वाट पाहत असतात. बापाच्या माघारीं धाकटा भाऊ वांटणीची, पुण्यास नोकरीस असलेल्या मुलाच्या फोनची आई, आणि भांडणानंतर मागच्या बांकावर बसूं लागलेला मनुष्य कोणीतरी बोलावील याची.

ज्यांची वाट पाहणें कोणाही माणसाला संपवितां येत नाहीं, असेही लोक मंडळींत आहेत, आणि आगमनकालाचें सांत्वन विशेषेंकरून त्यांच्यासाठीं आहे. डीट्रिख बॉन्हॉफर हा जर्मन पाळक ५ एप्रिल १९४३ रोजीं पकडला गेला. त्या वर्षींच्या नोव्हेंबरांत बर्लिनच्या टेगेल तुरुंगांतून लिहिलेल्या पत्रांत त्यानें आपल्या कोठडीची तुलना आगमनकालाशीं केली, कारण तिचें दार बाहेरूनच उघडणारें होतें. ९ एप्रिल १९४५ रोजीं त्याला फांशीं देण्यांत आलें. परंतु ज्याच्या दाराची कडी आपल्या बोटांखालीं आहे, त्याला बाहेरून हें सांत्वन ऐकविण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला?

आगमनकालाच्या दुसऱ्या व तिसऱ्या रविवारीं पुष्कळ मंडळ्यांत बाप्तिस्मा करणारा योहान याच्याविषयींचे पाठ वाचतात. त्याच्या आयुष्यांत या दोन्ही गोष्टी आहेत. तो यार्देनेजवळ मोकळा होता तेव्हां लोकांनीं त्याला विचारलें, आम्हीं काय करावें? लूकाच्या तिसऱ्या अध्यायांतील त्याचीं उत्तरें इतकीं साधीं आहेत कीं त्यांत धर्म कोठें आहे असें वाटावें. दोन अंगरखे असतील त्यानें एक द्यावा. जकातदारानें ठरल्याहून अधिक घेऊं नये. शिपायानें कोणाला लुबाडूं नये. प्रभूची वाट तयार करणें म्हणजे त्याच्या मतें ज्याचें त्याला देऊन टाकणें होतें. नंतर हेरोदानें त्याला बंदींत टाकिलें, आणि तेथें तो स्वतः वाट पाहणारा झाला. येणारा तो तूंच, कीं दुसऱ्याची वाट पाहावी, असें त्यानें शिष्यांकडून येशूला विचारविलें. आंधळे पाहतात, लंगडे चालतात, असें उत्तर त्याला पोंचलें. परंतु बंदीचें दार उघडलें नाहीं. त्याचा शिरच्छेद झाला.

योहानाच्या शिष्यांनीं त्याचें प्रेत नेऊन पुरलें व येशूकडे जाऊन वर्तमान सांगितलें, असें मत्तयाच्या चौदाव्या अध्यायांत आहे. तें ऐकून येशू तारवांत बसून एकांतीं जावयास निघाला. पण लोक पायींच त्याच्या मागें गेले, आणि तो किनाऱ्यास उतरला तेव्हां मोठा समुदाय त्याची वाट पाहत होता. संध्याकाळ झाली. शिष्य म्हणाले, यांस निरोप द्यावा म्हणजे हे गांवांत जाऊन आपलें विकत घेतील. त्यानें त्यांस गवतावर बसावयास सांगितलें, आणि त्याच संध्याकाळीं जेवूं घातलें.