फरक पाहण्यापूर्वी

दिवाळी आठ दिवसांवर आली, की आमच्या स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या डब्याखालून गेल्या वर्षीची फराळाची यादी बाहेर निघते. यंदाची यादी सौ. नव्या कागदावर लिहिते आणि दोन्ही कागद माझ्यापुढे टाकून म्हणते, "अहो, एवढं बघा, काही राहिलं नाही ना?" मी पडलो मराठीचा शिक्षक. निम्मे आयुष्य मुलांच्या वह्या तपासण्यात गेलेले. दोन कागद शेजारी ठेवून त्यांतला फरक काढणे माझ्याइतके दुसऱ्या कुणाला जमणार, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. ती गेल्या वर्षी उतरली. कशी उतरली ते सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी त्या याद्यांकडेच पाहू. गेल्या वर्षीच्या कागदावर ओळीने पाच नावे होती: चिवडा, चकली, करंजी, लाडू, शंकरपाळे. यंदाच्या कागदावर होती: चकली, करंजी, अनारसे, लाडू, चिवडा. हे दोन कागद एखाद्या अतिशिस्तीच्या कारकुनाकडे दिले, तर तो काय करील? पहिल्या नावासमोर पहिले ठेवील, दुसऱ्यासमोर दुसरे. चिवडा आणि चकली, जुळत नाही. चकली आणि करंजी, जुळत नाही. करंजी आणि अनारसे, छे! चौथ्या ओळीत लाडवासमोर लाडू येईल आणि बिचाऱ्याला हायसे वाटेल. पण पाचवी ओळ पुन्हा चुकलेलीच. मग तो गंभीरपणे लिहील, 'पाचांपैकी चार नावे बदललेली आढळली.' हा अहवाल खोटा म्हणता येत नाही, पण शहाणपणाचाही नाही. वरचे एक नाव निघाले, त्यामुळे खालच्या ओळी एकेक घर वर सरकल्या, आणि कारकुनाला सगळेच जग बदललेले दिसले.

संगणक हा मुळात असाच कारकून. दोन मजकुरांतला फरक काढायला त्याला शिकवायचे कसे, हा प्रश्न अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेत पुढे आला. तेथील डग्लस मॅकिलरॉय यांनी 'डिफ' नावाचा एक प्रोग्राम लिहिला आणि १९७४ साली युनिक्स या संगणकप्रणालीच्या पाचव्या आवृत्तीबरोबर तो लोकांच्या हाती पडला. १९७६ साली जेम्स हंट आणि मॅकिलरॉय यांनी त्यामागची रीत एका अहवालात मांडली. आमच्या शाळेत संगणक शिकवणाऱ्या तरुण सहकाऱ्याने ही रीत मला फळ्यावर खडूने समजावून दिली. माझे गणित मॅट्रिकपाशी थांबलेले. तरीही ती मला कळली, आणि कळल्यावर मी काही वेळ गप्पच बसलो.

कारण हा फरक काढणारा प्रोग्राम फरक शोधतच नाही. तो शोधतो साम्य. दोन्ही कागदांवर, त्याच क्रमाने येणारी, जास्तीत जास्त लांबीची सामाईक माळ कोणती, एवढाच प्रश्न तो स्वतःला विचारतो. मध्ये इतर नावे आली तरी चालतील, क्रम मात्र मोडता कामा नये. आमच्या याद्यांतली ती माळ म्हणजे चकली, करंजी, लाडू. ती हाती आली, की फरक आपोआप उरतो. जुन्या कागदावर माळेबाहेर जे राहिले ते वगळलेले. नव्या कागदावर जे राहिले ते नव्याने आलेले. दोन गेले, दोन आले. कारकुनाच्या अहवालापेक्षा हा किती समजूतदार!

पण ही सर्वांत लांब माळ सापडायची कशी? चाळीस ओळींचा निबंध घ्या. प्रत्येक ओळ ठेवायची किंवा गाळायची असे म्हटले, तर दोनाचा चाळिसावा घात, म्हणजे एक लाख कोटींहून अधिक माळा निघतात. त्या एकेक तपासायच्या तर जन्म पुरणार नाही. म्हणून चौकटीचा कागद घ्यायचा. डाव्या कडेला जुना मजकूर उभा मांडायचा, वरच्या कडेला नवा आडवा. वरच्या आणि डाव्या कडेबाहेर शून्ये धरायची. प्रत्येक घरात एकच आकडा लिहायचा: दोन्ही मजकुरांत इथवर जास्तीत जास्त किती ओळी क्रमाने जुळल्या? त्या घराच्या दोन ओळी सारख्या असतील, तर तिरक्या रेषेत वरच्या डाव्या घरातल्या आकड्यात एक मिळवायचा. नसतील, तर वरचे घर आणि डावीकडचे घर यांतला मोठा आकडा उतरवून घ्यायचा. चाळीस ओळींच्या दोन निबंधांना अवघी सोळाशे घरे! सुटीच्या दिवशी शाळकरी पोरही ती भरील. शेवटी खालच्या उजव्या कोपऱ्यात माळेची लांबी मिळते, आणि तेथून आकड्यांच्या मागावर उलट पावली चालत आले, की माळही हाती लागते. मॅकिलरॉय यांच्या प्रोग्रामाने तर सगळी घरे भरण्याचेही कष्ट वाचवले. जिथे ओळी खरोखर जुळतात, तेवढ्याच जागांचा त्याने विचार केला.

पुढे १९८६ साली यूजीन मायर्स यांनी याच चौकटीकडे नकाशा म्हणून पाहिले. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात जायचे आहे. खाली एक पाऊल म्हणजे जुनी ओळ गाळली. उजवीकडे एक पाऊल म्हणजे नवी ओळ घातली. या दोन्हींना मोल पडते. जिथे ओळी जुळतात, तिथे तिरके पाऊल टाकता येते, आणि ते फुकट. कमीत कमी खर्चात पोहोचायची वाट शोधायची. दोन मजकूर जितके जवळचे, तितकी ही शोधाशोध थोडी. प्रोग्राम लिहिणारे लोक रोज वापरतात त्या गिट नावाच्या साधनात आजही मूळ रीत म्हणून हीच वापरली जाते.

हे सगळे ऐकून मी भारावलो. माणसापेक्षा यंत्र अधिक न्यायी, असेही मला वाटून गेले. आणि नेमक्या त्याच सुमारास आमच्या शाळेतली निबंधस्पर्धा आली.

विषय होता, 'माझे गाव'. मुलांनी निबंध संगणकावर लिहिले होते. वाचता वाचता दोन मुलींच्या निबंधांत तीच तीच वाक्ये येत आहेत असा मला संशय आला. एक मुलगी पहिल्या बाकावरची, दरवर्षी बक्षीस घेणारी. दुसरी शेवटच्या बाकावरची, आठवड्यातून एखादा दिवस हमखास गैरहजर राहणारी. मी दोन्ही निबंध सहकाऱ्याकडे दिले. हुशार मुलीचा आधी, दुसरीचा नंतर. एका ओळीत एक वाक्य असे मांडून त्याने ते यंत्राला दिले आणि छापलेला कागद माझ्या हाती ठेवला. गळालेली वाक्ये तांबडी, वाढलेली हिरवी, सामाईक काळी. बावीस वाक्यांपैकी नऊ काळी! अक्षरशः तीच, त्याच क्रमाने.

दुसऱ्या दिवशी मी शेवटच्या बाकावरच्या मुलीला उभे केले आणि कागद तिच्यापुढे धरून विचारले, "हे काय आहे?" तिने तो खालीवर पाहिला. रडली नाही. म्हणाली, "सर, कुणी कुणाचं घेतलं, ते यात लिहिलंय का?"

मी तो उद्धटपणा समजलो, आणि तिला स्पर्धेतून काढून टाकले.

प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. रात्री कागद पुन्हा उघडला. तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. कुणी कुणाचे घेतले, ते त्यात कुठेच लिहिलेले नव्हते. नऊ वाक्ये सामाईक आहेत, यापलीकडे यंत्र एक अक्षर बोलले नव्हते. हिचे निबंध आधी दिला असता, तर तांबड्याचे हिरवे झाले असते आणि हिरव्याचे तांबडे. मग हुशार मुलीनेच हिच्या निबंधात फेरफार केलेले दिसले असते. कोणता कागद 'मूळ' धरायचा, हे यंत्राने ठरवले नव्हते. ते मी ठरवले होते, बाकांचे क्रमांक पाहून.

ती नऊ वाक्ये मी पुन्हा वाचू लागलो, आणि मला घाम फुटला. उठून कपाटातून माझी टाचणवही काढली. आदल्या वर्षी निबंधलेखनाच्या तासाला 'उपयुक्त वाक्ये' म्हणून मीच वर्गाला काही वाक्ये उतरवून दिली होती. नऊपैकी आठ त्यांत जशीच्या तशी, त्याच क्रमाने. नववे होते, 'आमच्या गावाला एक नदी आहे.' ते कुणाचेही असू शकते. दोघींनी एकमेकींचे काहीच घेतले नव्हते. दोघींनी माझे घेतले होते. आणि वाचकहो, हुशार मुलीच्या निबंधात त्याच वाक्यांपुढे मी समासात लाल शाईने लिहिले होते, 'भाषा ओघवती!'

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, हे आपण ऐकलेले असते. १९१९ साली सुरू झालेले हे काम १९६६ साली पुरे झाले. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते त्यासाठी विचारात घेतली गेली. विष्णु सीताराम सुखठणकर आणि त्यांच्यानंतरचे संपादक पोथीपोथीतले पाठभेद नोंदवीत होते. पण त्यांची भिस्त भेदांइतकीच साम्यावरही होती. उत्तरेकडची पोथी आणि दक्षिणेकडची पोथी यांचा एकमेकींशी संबंध आलेला नसताना दोघींत एकच पाठ मिळाला, तर तो दोघींच्या सामाईक पूर्वजाकडून आला असला पाहिजे, असे ते मानीत. साम्य दिसले की चोरी, असा निष्कर्ष त्या विद्वानांनी काढला नाही. आधी त्यांनी विचारले, की या दोघींचा पूर्वज कोण? माझ्या वर्गातला तो पूर्वज मीच निघालो, आणि न्यायासनावरही मीच बसलो होतो.

त्या रात्री आणखी एक गोष्ट मला दिसली, आणि ती अधिक लागली. यंत्राने त्या मुलीची तेरा वाक्ये हिरव्या रंगाने वेगळी काढून दिली होती. मी त्यांच्याकडे पाहिलेच नव्हते. माझा डोळा काळ्यावर. आता वाचली. त्यांत गावची विहीर फेब्रुवारीत आटते, मग पहाटे कळशी घेऊन किती चालावे लागते, रांगेत कोण पुढे घुसते, आणि पाण्याच्या दिवशी शाळा का बुडते, हे सारे सरळ साध्या शब्दांत होते. निबंध तिथे होता. उपयुक्त वाक्ये तिने बहुधा मला बरे वाटावे म्हणून घातली असावीत.

दुसऱ्या दिवशी मी वर्गापुढे माझी चूक सांगितली आणि तिची माफी मागितली. ती "बरं, सर" म्हणाली आणि खाली बसली. तिला स्पर्धेत परत घेतले. पण आदल्या दिवशी साऱ्या वर्गाने तिच्याकडे जसे वळून पाहिले होते, ते पाहणे मला परत घेता आले नाही.

तेव्हापासून मी या रीतीचा निराळ्या अंगाने विचार करतो. आपण घरीदारी सदैव तुलनाच करीत असतो: थोरला आणि धाकटा, माहेर आणि सासर, आमच्या वेळचे आणि आताचे. बहुतेक वेळा आपली रीत त्या कारकुनाची असते. एक ओळ सरकली, की पुढचे सगळेच बिघडले असे आपण म्हणतो. फरकावर बोलण्याचा हक्क हवा असेल, तर आधी साम्य शेवटपर्यंत शोधले पाहिजे. एवढे यंत्राकडून शिकण्यासारखे खरेच आहे.

पण यंत्र जिथे थांबते, तिथे आपल्याला थांबता येत नाही. चिवडा पहिल्या ओळीतून शेवटच्या ओळीत गेला, हे त्याला सांगता येत नाही; ते म्हणते, एक चिवडा गेला आणि दुसरा चिवडा आला. जागा बदललेले माणूस तेच आहे, हे ओळखायला आपण लागतो. आणि समजा, कागदावर दोनच नावे आहेत आणि त्यांची अदलाबदल झाली. कोण हलले? पहिले खाली गेले म्हणा, की दुसरे वर आले म्हणा. दोन्ही उत्तरे सारख्याच किमतीची. यंत्र त्यांतले एक उचलते आणि मोकळे होते. दोन भाऊ दुरावतात तेव्हा मात्र 'कोण दूर गेले?' याचे उत्तर आपण किती ठामपणे देतो! ज्याचा कागद आपण आधी ठेवला, तो आपल्या जागी स्थिर, दुसरा हललेला. कमीत कमी बदलांत बसणारी हकिगत घडलेलीच असते, असे नाही. तुलना कितीही काटेकोर झाली, तरी आरोप करण्याची जबाबदारी करणाऱ्याच्याच माथी राहते. 'कागद सांगतो' असे म्हणून ती कागदावर ढकलता येत नाही.

यंदा सौ.ने दोन याद्या पुढे ठेवल्या, तेव्हा मी आधी सामाईक नावांवर खुणा केल्या. उरलेल्यांत शंकरपाळे निघाले. गेल्या वर्षी होते, यंदा नव्हते. 'विसरलीस' हा शब्द ओठांवर आला होता. तो गिळून मी विचारले, "शंकरपाळे मुद्दाम काढलेत का गं?"

"हो," ती म्हणाली. "तुमच्या आईंचे दात राहिलेत का आता? त्यांच्यासाठीच तर करत होते."