चिमुकले सैन्य आणि रूपांतराची जबाबदारी

युद्ध आणि सौंदर्य यांचे नाते जुने आहे, आणि त्याविषयीचा संशयही तितकाच जुना आहे. तलवारीच्या मुठीवर नक्षी कोरणारा कारागीर हिंसेला शोभा आणतो, की हिंसेच्या साधनापाशीही माणसाची सौंदर्यदृष्टी जागी असल्याची साक्ष देतो, या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये रुजलेल्या आणि पुढे अनेक देशांत पसरलेल्या एका छंदाने हाच प्रश्न अंगठ्याएवढ्या आकारात पुन्हा उभा केला आहे. विज्ञानकथेतील काल्पनिक युद्धासाठी चिमुकल्या सैनिकांचे सैन्य जमवायचे, त्यांची कापाकापी आणि पुनर्जुळणी करून त्यांना स्वतःच्या कल्पनेतले रूप द्यायचे, प्रत्येकाला बारकाईने रंगवायचे आणि मग ते सैन्य टेबलावर मांडून फासे व मोजपट्टी यांच्या साहाय्याने लढवायचे, असे या छंदाचे स्वरूप आहे. प्रौढांचे बालिश वेड म्हणून त्याची बोळवण करणे सोपे आहे. परंतु ज्या कृतीवर माणसे आयुष्यातील हजारो तास स्वेच्छेने खर्च करतात, तिच्यात कोणते मूल्य शोधले जाते आणि कोणता धोका पत्करला जातो, हा विचार टाळणे योग्य नव्हे.

टेबलावरच्या युद्धाचा एक महत्त्वाचा उगम खेळघरात नव्हे, तर लष्करात आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइसवित्झ या तरुण लेफ्टनंटाने आपल्या वडिलांच्या कल्पनेचा विस्तार करून ‘क्रीग्सश्पील’ या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले, आणि अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी लष्कराने त्याचा स्वीकार केला. नकाशावर सरकणारे ठोकळे हे पलटणींचे प्रतिनिधी होते. त्यांना चेहरा नव्हता आणि असण्याचे कारणही नव्हते. १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून हा खेळ घरातील जमिनीवर आणला. तेथे खेळण्यातले सैनिक होते आणि स्प्रिंगच्या तोफेतून सुटणारे लाकडी गोळे होते. खऱ्या युद्धापेक्षा हे चिमुकले युद्ध सर्वार्थाने बरे, आणि ते खेळून पाहणाऱ्यास खऱ्या युद्धाचा मूर्खपणा उमजेल, अशी वेल्स यांची धारणा होती. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले, आणि हे युद्ध युद्धाचाच अंत करील अशी बाजू त्याच वेल्स यांनी मांडली. खेळातले शहाणपण खेळाबाहेर आपोआप पोहोचत नाही, एवढा बोध या घटनेतून घेण्यास हरकत नाही.

आजच्या छंदाला त्याचे सर्वपरिचित रूप मिळाले ते १९८७ साली. १९७५ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या आणि पुढे नॉटिंगहॅममध्ये स्थिरावलेल्या ‘गेम्स वर्कशॉप’ या कंपनीने त्या वर्षी रिक प्रीस्टली यांनी रचलेला ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा खेळ प्रसिद्ध केला. लघुमूर्ती रंगविण्याची ‘गोल्डन डेमन’ ही स्पर्धाही त्याच वर्षी सुरू झाली. या मूर्तींमध्ये सामान्य माणसाची उंची साधारण तीन सेंटिमीटर भरते. आरंभी त्या शिसेमिश्रित धातूच्या असत. पुढे शिसे गेले आणि बव्हंशी प्लास्टिक आले. साच्यातून निघालेल्या चौकटीला हातपाय, धड, शिरस्त्राण असे सुटे भाग चिकटलेले असतात. ते चाकूने सोडवायचे, सांध्याची रेघ कानशीने घासायची, जोडणी करायची, अस्तराचा हात द्यायचा, मग मूळ रंग भरायचे. पातळ रंगाचे पाणी सोडले की ते खाचांत उतरून सावली तयार होते. जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरविला की उजेड पडल्याचा भास होतो. टेबलाच्या पलीकडून जी दिसणारही नाही ती डोळ्याची बाहुली सर्वांत शेवटी, श्वास रोखून भरली जाते. एका मूर्तीला एक संध्याकाळ लागू शकते किंवा एक महिनाही, आणि सैन्यात अशा मूर्ती शंभरावर असू शकतात.

रूपांतराची क्रिया याच्या पुढची आहे. एका संचातील धड, दुसऱ्यातील हात आणि तिसऱ्यातील यंत्रभाग एकत्र आणले जातात. सांध्यात बारीक छिद्र पाडून तारेची खुंटी बसविली जाते. पिवळ्या आणि निळ्या पट्ट्या एकत्र मळून तयार होणाऱ्या हिरव्या पुट्टीतून अंगरखे, केस, जखमा घडविल्या जातात. खेळाच्या पहिल्या काळात दुर्गंधीनाशकाच्या रिकाम्या डबीतून तरंगता रणगाडा कसा घडतो, हे कंपनीच्याच प्रकाशनांत दाखविले गेले होते. ‘स्टार वॉर्स’ या १९७७ च्या चित्रपटातील अंतराळयानांच्या प्रतिकृतींवरही बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या जोडणी-संचांतले सुटे भाग बसविलेले होते. भविष्यकाळाची दृश्ये अशी वर्तमानातल्या उरल्यासुरल्या वस्तूंतून उभी राहिली.

फ्रेंच मानवशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९६२ च्या ‘ला पाँसे सोव्हाज’ या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात दोन गोष्टींचा विचार केला आहे. हाताशी असलेल्या तुकड्यांतून नवी रचना करणारा हिकमती कारागीर ही एक, आणि लघुरूप प्रतिमेचे आकर्षण ही दुसरी. मोठी वस्तू आपल्याला भागाभागाने कळते. लघुरूपात मात्र संपूर्णाचे आकलन भागांच्या आधी होते, आणि म्हणून ते आपल्या कह्यात आल्यासारखे वाटते, असे त्यांचे म्हणणे आहे. हा छंद या दोन्ही सुखांचा संगम आहे. पण ‘कह्यात आल्यासारखे वाटणे’ हे सौंदर्यानुभवाचे वर्णन असले, तरी ते सेनापतीच्या मनःस्थितीचेही वर्णन आहे. युद्धाकडे उंचावरून, संपूर्णाच्या नजरेने पाहता येते, तेव्हाच त्यातील माणसे ठोकळे होतात.

नेमक्या याच ठिकाणी रंगविणारा आणि खेळणारा हे एकाच माणसाच्या ठायी असूनही परस्परविरोधी ठरतात. खेळाच्या दृष्टीने सैनिक म्हणजे काही गुणांची किंमत. फासा प्रतिकूल पडला की त्याला पटावरून उचलून बाजूला ठेवायचे. रंगविणाऱ्याने मात्र त्याच सैनिकाच्या पट्ट्याचे बक्कल, बुटावरचा चिखल आणि गालावरचा व्रण यांच्या सहवासात संध्याकाळी घालविलेल्या असतात. जो खेळात सर्वांत आधी मरणार, त्या सामान्य शिपायावर केलेले श्रम हिशेबाच्या भाषेत निव्वळ वाया गेलेले असतात. २०२० साली आलेल्या नियमांच्या नव्या आवृत्तीत पूर्ण रंगविलेल्या सैन्याला शंभरापैकी दहा गुण देण्याची तरतूद झाली. हेतू चांगला असेल. पण ज्या श्रमाचे मोल त्याच्या हिशेबाबाहेर असण्यात होते, तो श्रमही त्यामुळे हिशेबात ओढला गेला. संख्येतून एकेकाला वेगळे काढणे, त्याच्यापुरता वेळ थांबणे ही रंगविण्याची मूळ प्रवृत्ती आहे, आणि ती युद्धाच्या तर्काविरुद्ध जाणारी आहे.

एवढ्यावरून हा छंद माणसाला सहृदय बनवितो असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. अवधान हा सद्गुणाचा आधार असेल. तो स्वयमेव सद्गुण नव्हे. यातना देणाऱ्या यंत्राचाही आराखडा अत्यंत एकाग्रतेने काढता येतो. शिवाय या छंदातील अवधान ज्या जगावर खर्च होते, ते जग निर्मळ नाही. ‘वॉरहॅमर ४०,०००’ मधील मानवी साम्राज्यात सम्राट दहा हजार वर्षे ना जिवंत ना मृत अशा अवस्थेत सिंहासनावर आहे, त्याला टिकविण्यासाठी रोज माणसांचा बळी दिला जातो, परक्याचा द्वेष हे धर्मकर्तव्य मानले जाते आणि शंका हा गुन्हा ठरतो. हे सारे उपहासाच्या अंगाने रचले गेले, असे सांगितले जाते आणि ते बरोबरही आहे. परंतु उपहासाला जेव्हा झळझळीत चिलखत, ध्वज आणि सुवर्णरंगी गरुड लाभतात, तेव्हा पाहणाऱ्याला उपहास आधी दिसतो की वैभव, हा प्रश्न उरतोच. २०२१ साली स्पेनमधील एका स्पर्धेत नाझी चिन्हे असलेला पोशाख घालून एक खेळाडू आला, आणि त्यानंतर त्याच वर्षी कंपनीला जाहीर निवेदन काढून आपले काल्पनिक साम्राज्य अनुकरणीय नसून उपहासाचा विषय आहे, असे स्पष्ट करावे लागले. उपहास समजावून सांगावा लागतो तेव्हा तो कोठेतरी निसटलेला असतो.

रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ने (१९७४) मराठी वाचकाला लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन भूमिकांमधील ताण परिचित करून दिला आहे. येथे अलौकिकतावादी बचाव सहज सुचतो: हे रंग, हे आकार, ही रचना स्वायत्त आहे, तिच्यातील साम्राज्याशी व्यवहारातल्या नीतीचा संबंध नाही. पण हा बचाव पुरेसा नाही. मूर्तीच्या खांद्यावरचा गरुड हा केवळ एक आकार नसतो. तो आज्ञापालनाचे चिन्ह म्हणून ओळखला जावा यासाठीच तेथे असतो. उलट, शस्त्रधारी मूर्ती हाताळणारा प्रत्येकजण हिंसेचा उपासक होतो, हा लौकिकतावादी आक्षेपही तितकाच ढोबळ आहे. दोन्ही भूमिका तयार मूर्तीकडे पाहतात. मूर्ती घडविताना घेतल्या जाणाऱ्या निर्णयांकडे दोन्हींचे दुर्लक्ष होते.

नैतिक विचाराचा खरा प्रांत या निर्णयांपाशी सुरू होतो. जो खेळाडू संच विकत घेतो, वेष्टनावरच्या चित्राप्रमाणे जोडतो आणि सांगितलेले रंग देतो, त्याच्यापाशी एक सबब शिल्लक असते: ‘मला हे असेच मिळाले.’ रूपांतर करणाऱ्यापाशी ही सबब राहत नाही. त्याच्या चाकूखाली तोच दोन मस्तकांचा गरुड येतो आणि तो ठेवायचा की तासून काढायचा, हे त्याला ठरवावे लागते. तासून काढला तर त्या जागी काय येणार? दुसऱ्या राजाचे चिन्ह, एखादी ओबडधोबड पट्टी, की नुसती घासल्याची खूण? साम्राज्य सोडून गेलेल्या बंडखोर सैनिकांची सैन्ये उभारणाऱ्यांना ही निवड खांद्यागणिक करावी लागते. ऐतिहासिक युद्धखेळात ती बव्हंशी आधीच झालेली असते; नेपोलियनच्या शिपायाचा कोट कोणत्या रंगाचा होता हे इतिहास सांगतो. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा कोठे उभा करायचा हे मूल ठरविते, पण मावळा कोणाच्या बाजूचा हे त्याला ठरवावे लागत नाही. विज्ञानकथेतील सैन्याला असा साक्षीदार नाही. जे घडलेलेच नाही, त्याचा अर्थ घडविणाऱ्यावर येऊन पडतो.

यावर असे म्हणता येईल की, स्वातंत्र्य म्हणजे सदाचार नव्हे. ज्या चाकूने गरुड काढता येतो, त्याच पुट्टीने आणि ब्रशाने त्याहून वाईट चिन्ह घडविता येते. हे खरे आहे, आणि २०२१ च्या घटनेनंतर ते नाकारण्याची सोय नाही. परंतु रूपांतर माणसाला चांगले बनविते असा दावा येथे नाहीच. ते माणसाला उत्तरदायी बनविते, इतकेच. घडविलेल्या मूर्तीविषयी ‘हे असे का?’ हा प्रश्न तिच्या कर्त्याला विचारता येतो, आणि त्याला कंपनीकडे, कथेकडे वा परंपरेकडे बोट दाखवून सुटता येत नाही. बाजाराने पुरविलेली वस्तू, तिच्याबरोबर आलेली कथा आणि कथेबरोबर आलेली मूल्ये ही एकाच वेष्टनातून घरात येतात. ती उघडून भाग सुटे करणे आणि प्रत्येक भाग पुन्हा स्वीकारायचा की नाही हे ठरविणे, ही सवय तीन सेंटिमीटरच्या सैनिकावर लागली तरी ती क्षुल्लक नव्हे.

वेल्स यांच्या सैनिकांना बंदिस्त साचा होता आणि त्यांच्या खेळात शहाणपण शोधले गेले ते पराजयाच्या अनुभवात. ते शहाणपण एका वर्षातच अपुरे पडले. रूपांतर करणाऱ्याकडून अपेक्षा त्याहून लहान, पण अधिक नेमकी ठेवता येते. आपल्या सैन्यातील प्रत्येक खांद्यावर जे चिन्ह आहे ते आपण का ठेवले, किंवा का काढले, हे त्याला सांगता आले पाहिजे. सैन्य टेबलावर मांडण्यापूर्वी हे उत्तर त्याच्यापाशी असेल, तर खेळ खेळच राहील आणि श्रमही सार्थ होतील. ते नसेल, तर रंगकाम कितीही निर्दोष असो, त्या सैन्याचा सेनापती आज्ञा देत नसून कोणाची तरी आज्ञा पाळत असतो.